सिरिंजमध्ये अडकलेलं सिमेंट

मी पीएच.डी.साठी मॅडमना पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा त्यांनी मला माझे मार्क विचारले नाहीत. टेबलावर एका चिनीमातीच्या वाटीत पांढरी पूड होती. तिच्यात त्यांनी मोजून थोडं पाणी घातलं, चपट्या चमच्यानं ती कालवली, ती लुगदी एका सिरिंजमध्ये भरली आणि सिरिंज माझ्या हातात दिली. "दाब," म्हणाल्या.

मी अंगठ्यानं दट्ट्या दाबला. आधी लुगदीची एक बारीक दोरी बाहेर आली. मग नुसतं पाणी टपकलं. मग काहीच येईना. मी आणखी जोर लावला तसा दट्ट्याच वाकला.

"हाच विषय आहे," मॅडम म्हणाल्या. "करशील?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर विषय अर्धाच कळला होता, पण ज्या शांतपणे त्यांनी आपलं न जमलेलं काम एका परक्या मुलीच्या हातात दिलं, ते मला आवडलं होतं. तोवर मला भेटलेले सगळे शिक्षक जमलेलंच दाखवायचे.

मॅडम तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या. ठेंगण्या, सुती साडीवर पांढरा कोट, पायात स्पोर्ट्स शूज. शहरातल्या एका फार्मसी कॉलेजात त्या शिकवायच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या प्रयोगशाळेत हाडांत भरायचं सिमेंट बनवायच्या. म्हातारपणी मणका बसतो, मनगट चुरडतं, गाठ काढल्यावर हाडात पोकळी राहते. अशा जागी मोठी चिरफाड न करता जाड सुईतून एखादी लुगदी सोडता आली, ती आत घट्ट झाली आणि पुढं हळूहळू शरीरानं ती काढून तिथं आपलं हाड घातलं, तर माणसाचे किती हाल वाचतील. डॉक्टर लोक एरवी जे सिमेंट वापरतात ते प्लास्टिकच्या जातीचं असतं. ते घट्ट होताना तापतं आणि जन्मभर परकंच राहतं. आमचं कॅल्शियम फॉस्फेटचं होतं, म्हणजे हाडाच्याच गोतातलं. जगात ते बऱ्याच जणांनी केलं होतं, बाहेरून येणारं विकतही मिळायचं. मॅडम काही नवा शोध लावायला निघाल्या नव्हत्या. इथल्या सामानात, इथल्या हवेत बनेल आणि तालुक्याच्या डॉक्टरला साध्या सिरिंजनं भरता येईल असं त्यांना हवं होतं.

माझं गाव पैठणच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. घरची मोसंबीची बाग. मी एस.टी.नं ये-जा करायचे. वडलांना विषय सांगितला तेव्हा त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाले, "हाडाचं सिमेंट? मंग त्याला पाणी किती दिस मारायचं?" मी हसले. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर विचारलंय त्यांनी. आपलंही पाण्यातच पिकतं." आणि खरंच, आमच्या सिमेंटच्या खडूएवढ्या कांड्या आम्ही अंगाच्या उष्णतेच्या मिठाच्या पाण्यात दिवसचे दिवस बुडवून ठेवायचो, तेव्हा कुठं त्या कडक व्हायच्या.

काम कष्टाचं होतं. पूड भट्टीत तापवायची, लालबुंद असतानाच बाहेर काढून पंख्यासमोर झटकन गार करायची, मग दळायची. दळायचं यंत्र म्हणजे पोर्सेलिनचं भांडं, त्यात गोट्या, आणि ते तासन्‌तास फिरत राहायचं. आम्ही त्याला गिरणीच म्हणायचो. शहरात नळाला पाणी आठवड्या-आठवड्यानं यायचं, त्यामुळं डिस्टिल्ड वॉटर करायचं तर कॉलेजची टाकी कधी भरली ते बघून. मॅडमनी त्यासाठी गुलमंडीच्या बाजारातून झाकणाचे मोठे स्टीलचे डबे आणून ठेवले होते. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात कागद चिकटवलेला असायचा.

आणि हाडं. लुगदी हाडात कशी शिरते हे बघायला हाड लागायचं. मॅडम भिक्षुकाच्या घरच्या, त्यांच्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण दर पंधरा दिवसांनी त्या स्वतः सिल्लेखाना मोहल्ल्यातल्या एका खाटकाकडं जायच्या आणि बोकडाच्या मांडीच्या हाडांची टोकं निवडून आणायच्या. पर्समधून मोजपट्टी काढून एकेक हाड मापायच्या. मी पहिल्यांदा बरोबर गेले तेव्हा पदर नाकाला लावायच्या बेतात होते. त्यांच्याकडं बघून हात खाली घेतला. तो खाटीक म्हातारा होता. मोठ्या आदरानं त्यांना स्टूल द्यायचा. मला म्हणाला, "पूरे शहर में मॅडमइच एक हैं जो हड्डी नापके लेते." मॅडमनी ते ऐकून मापलेलं एक हाड परत ठेवलं आणि दुसरं उचललं.

मॅडमची आणखी एक सवय होती. सिरिंज दाबायला आमच्याकडं यंत्र होतं. ते ठरलेल्या वेगानं दाबायचं आणि किती जोर लागला ते कागदावर काढायचं. पण यंत्राआधी मॅडम प्रत्येक नव्या मिश्रणाची एक सिरिंज स्वतःच्या अंगठ्यानं दाबायच्या. डोळे मिटून. "अडतंय," म्हणायच्या, किंवा "हे बरंय." त्यांच्या अंगठ्याला तिथं घट्टा पडला होता. ऑपरेशनच्या टेबलाशी माणसाचा अंगठा असतो, यंत्र नसतं, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आमचं एक मिश्रण चांगलं जमलं. लुगदी जवळजवळ सगळी बाहेर यायची. मी आकडे लिहायचे, मॅडम बघायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा तो मला रोज हवासा वाटायला लागला.

इथं मला माझी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं.

सगळ्याच सिरिंज नीट रिकाम्या व्हायच्या नाहीत. मधूनच एखादी अडायची. पुढून पाणी यायचं आणि मागं पूड दगडासारखी बसायची. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी वहीत लिहिलं, 'सुई खराब, वगळली' आणि नवी सिरिंज घेतली. सुई खरंच खराब असेल असं मला मनापासून वाटलं. दुसऱ्यांदाही वाटलं. त्यानंतर मी ते वहीत लिहायचंच सोडलं. अडलेली सिरिंज कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकायची आणि दुसरी भरायची. मी खोटा आकडा कधीच लिहिला नाही. जे आकडे लिहिले ते सगळे खरे होते. जे लिहिले नाहीत त्यांचा विचार मी करत नव्हते.

शहरातले हाडांचे डॉक्टर मधूनमधून एकत्र जमून कुणाचं तरी व्याख्यान ठेवतात. त्या सुमाराला मॅडमना बोलावलं होतं. बोलावणारे डॉक्टर गावातले जुने, निष्णात. त्यांच्या हाताखालून पुढच्या दोन पिढ्यांची माणसं शिकून गेलेली. मॅडमच्या कामावर त्यांचा लोभ होता, हाडं कशी निवडायची हे त्यांनीच सांगितलं होतं. हॉल भरला होता. मॅडमनी चित्रं दाखवली, शंभरातली किती लुगदी सिरिंजबाहेर येते तो आमचा आकडा दाखवला. आकडा बघून पहिल्या रांगेतली माणसं पुढं सरकून बसली. मग प्रात्यक्षिक. मी लुगदी कालवली, भरली आणि सिरिंज डॉक्टरांच्या हातात दिली.

त्यांनी दाबली. टेबलावरच्या हाडाच्या भोकात चार थेंब पाणी पडलं आणि सिरिंज अडली.

डॉक्टर चांगले होते. हसून म्हणाले, माझाच हात जड आहे, दुसरी द्या. मी दुसरी भरली. दुसरीही अर्ध्यात अडली.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "असं आधी झालंय?"

मला नाही म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता. पण त्या माझ्याकडं रागानं बघत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"होतं मधून," मी म्हटलं. "मी ते धरत नव्हते."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

त्यांनी मान हलवली. परत माईकपाशी गेल्या. पडद्यावर अजून आमचा आकडा होता. त्यांनी तो बंद केला नाही, त्याच्याकडं बोट दाखवून त्या बोलल्या. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "हा आकडा मी मागं घेते. ज्या सिरिंज रिकाम्या झाल्या त्याच मी मोजल्या. ज्या अडल्या त्या मोजायच्या राहिल्या. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. तुम्ही आज इथं आलात, तुमचा वेळ घेतला, त्याबद्दल माफी मागते. कुणाला थांबायचं असेल तर ही सिरिंज का अडली असेल, यावर बोलू."

त्या 'मी' म्हणाल्या. एकदाही 'माझी विद्यार्थिनी' म्हणाल्या नाहीत.

निम्मे लोक चहाला गेले. निम्मे थांबले. जे थांबले त्यांच्याशी मॅडम तासभर बोलल्या, आणि मी बाजूला भिंतीला टेकून उभी होते. घरी जाताना त्यांनी मला स्कूटरवर बसस्टँडपर्यंत सोडलं. मी रडत होते हे त्यांना आरशात दिसत असणार. बसस्टँडवर उतरल्यावर मी म्हटलं, मॅडम, मी सोडून देते. त्यांनी विचारलं, अडलेल्या सिरिंज ठेवल्यात का. मी सांगितलं, टाकल्या. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला, हॉलमध्ये पडला नव्हता इतका.

"अगं, त्यांच्यातच उत्तर होतं," त्या म्हणाल्या. "उद्या लवकर ये."

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक रिकामा ट्रे होता. त्यावर कागद चिकटवलेला, 'अडलेल्या.' मॅडमनी मला बोल लावला नाही. त्या आकड्यावरचा, छापायला पाठवलेला लेख त्यांनी त्याच सकाळी परत मागवला होता. त्यांच्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती आणि तो लेख त्यांना किती हवा होता, हे मला माहीत होतं.

मग आम्ही अडलेल्या सिरिंजांचा अभ्यास सुरू केला. सिरिंज अडली की तशीच ठेवायची, आतली लुगदी घट्ट होऊ द्यायची. मग लोखंड कापायच्या करवतीनं वरचं प्लास्टिक उभं चिरायचं. आत पांढरी कांडी मिळायची. तिचे चकत्यांसारखे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या चकाकत्या कापावर सूक्ष्मदर्शक लावायचा. मला वाटायचं सगळी कांडी सारखीच असेल. तशी नव्हती. तोंडाशी, जिथं सिरिंज अरुंद होते, तिथं भरड कण एकमेकांत अडकून बांध घातल्यासारखे बसले होते. त्या बांधातून पाणी निसटायचं आणि मागची पूड कोरडी पडायची.

भरड कण आले कुठून? आम्ही तर सारखंच दळत होतो. मॅडमनी प्रत्येक अडलेल्या सिरिंजेची पूड कुठल्या दिवशी दळली होती ते शोधायला सांगितलं. महिनाभरानं त्यांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. बहुतेक पूड शुक्रवारची होती.

आमच्या भागात शुक्रवारी दुरुस्तीसाठी लाइट जायची. जनरेटर भट्टीला आणि फ्रीजला होता, गिरणीला नव्हता. लाइट गेली की गिरणी थांबायची, आली की मी पुन्हा चालू करायचे, पण वेळ मात्र भिंतीवरच्या घड्याळावर धरायचे. म्हणजे शुक्रवारची पूड कमी दळलेली. इतकी साधी गोष्ट. मी दोन वर्षं त्या गिरणीशेजारी बसून डबा खाल्ला होता.

मला वाटलं, झालं, सुटलं. दळण नीट केल्यावर अडणं कमी झालं, पण थांबलं नाही. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारनं आपल्याला फक्त वाट दाखवली. कण एकमेकांना चिकटतात तोवर हे होणारच. मग त्यांनी पाण्यात थोडं सायट्रेट घालून बघितलं. लिंबात जे आंबट असतं त्याचंच ते मीठ. कण सुटे झाले, लुगदी सायीसारखी वाहू लागली, आणि मी खूश झाले. पण तीच लुगदी कोमट मिठाच्या पाण्यात सोडली की घट्ट व्हायच्या आधीच विरघळून ढगासारखी पसरायची. रक्तात तसं झालं तर काय उपयोग. मग तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं. डोळ्यांच्या थेंबांत घालतात तो सेल्युलोज घेतला, तो जास्त झाला की सिमेंट घट्टच होईना. एक धरावं तर दुसरं सुटायचं. त्या वर्षभरात मॅडमनी किती वेळा पहिल्यापासून सुरुवात केली ते मी सांगू शकत नाही. एकदाही त्या वैतागलेल्या मला दिसल्या नाहीत. फक्त एकदा, दुपारी, सलग अकरा सिरिंज नीट आल्या आणि बारावी अडली, तेव्हा त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले, म्हणाल्या, "चल, पोहे खाऊन येऊ," आणि आल्यावर ती बारावी स्वतः चिरली.

शेवटी जे मिश्रण ठरलं ते आमच्या आधीच्या मिश्रणाहून थोडं कमी मजबूत होतं. मला ते खटकत होतं. मी म्हटलं, मजबुतीचा आकडा जरा खाली दिसेल. मॅडम म्हणाल्या, दिसू दे. मजबूत पण सिरिंजेतच राहिलेलं सिमेंट कुणाच्या हाडाला कामाचं?

जुने डॉक्टर पुन्हा आले, या वेळी हॉलमध्ये नाही, आमच्या तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून दमले होते. मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि एकामागून एक सिरिंज त्यांच्या हातात ठेवत गेल्या. त्यांनी सगळ्या दाबल्या, मुद्दाम हळू, मुद्दाम जोरात, मध्येच थांबून. सगळ्या रिकाम्या झाल्या. ज्या हाडांत त्या सोडल्या ती कोमट पाण्यातच होती. आतलं सिमेंट कापण्यापुरतं घट्ट झाल्यावर डॉक्टरांनी स्वतः करवत घेतली आणि एक हाड मधोमध कापलं. स्पंजासारख्या जाळीत पार कडेपर्यंत पांढरं सिमेंट शिरलं होतं. बोटानं खरवडून त्यांनी बघितलं.

"त्या दिवशी तुम्ही परत माईकपाशी गेलात ना मॅडम," ते म्हणाले, "तेव्हाच मी ठरवलं होतं की तुमचं सिमेंट जमलं तर मी वापरणार." मग विचारलं, जनावरांवरच्या चाचण्यांचं काय.

ते पशुवैद्यकीय कॉलेजच्या परवानगीनं, त्यांच्याच डॉक्टरांकडून पुढं झालं. सशांच्या मांडीच्या हाडात आमचं सिमेंट भरलं. महिन्यामागून महिने एक्स-रे यायचे. सुरुवातीला हाडात पांढराशुभ्र ठिपका. मग त्याची कड धुरकट. मग तो ठिपका कडेकडेनं हाडात मिसळत गेलेला.

त्या हाडांच्या पातळ कापांच्या पहिल्या काचपट्ट्या रंगवून आल्या त्या दिवशी मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी आधी मला बघायला लावलं. सूक्ष्मदर्शकात आमचं सिमेंट करडं दिसत होतं, आणि त्याच्या भेगांत निळ्या रंगाचं नवं हाड शिरलेलं. मी उठले आणि त्या बसल्या. कितीतरी वेळ त्या भिंगावरून डोळा हलवेनात. बाहेर मुलं प्रॅक्टिकलला जात होती, त्यांचे आवाज येत होते. मी शेजारी उभी राहून त्यांच्या पाठीकडं बघत होते, आणि मला वाटलं, या बाईंनी मला त्या दिवशी हॉलमध्ये वाचवलं, हे मी त्यांना कधी नीट सांगितलंच नाही. मग तिथंच उभी राहून सांगितलं. शब्द जुळवत, अडखळत.

त्यांनी मान वळवली. म्हणाल्या, "तू त्या दिवशी खरं सांगितलंस म्हणून मला कळलं. नाहीतर मी तोच आकडा घेऊन निवृत्त झाले असते."

मग उठून त्यांनी खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि दुसरी काचपट्टी लावायला सांगितलं.

आता त्या शहराबाहेर पडेगावला राहतात. दौलताबाद रस्त्याच्या अलीकडं त्यांचं छोटं घर आहे. माणसांवर वापरायची परवानगी अजून यायची आहे, कागद या टेबलावरून त्या टेबलावर चाललेत. त्याला वेळ लागणारच, लागायलाही हवा, असं त्याच म्हणतात. मी त्याच कॉलेजात शिकवते. परवा रविवारी त्यांच्याकडं गेले होते. वडलांनी गावाकडून मोसंबी पाठवली होती, ती दिली. मॅडमनी चिरली, मीठ लावून समोर ठेवली, आणि आम्ही दोघी ओसरीवर बसून दुपारभर नव्या पुडीबद्दल बोललो.